थार गाडीतील फेरबदल आणि देखभाल

विलिज जीपची जुळणी करत मोटार व्यवसायात उतरलेल्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने २०१० मध्ये थार बाजारात आणली. तिची दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी आली. ती नाशिकच्या कारखान्यात तयार होते. चिखल, ओढे, खडकाळ वाटा तुडवण्याची हौस असलेले मालक फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या थारमध्ये जे बदल करून घेतात आणि त्यापायी जी निगा राखावी लागते, त्याचा विचार येथे केला आहे.

बदलांची सुरुवात टायरपासून होते, आणि व्हायला हवी तीही तिथूनच. थारच्या काही प्रकारांना कंपनीकडून २४५/७५ आर १६ मापाचे टायर मिळतात; त्यांचा व्यास सुमारे ७७४ मिमी. त्याजागी ३३ इंची, म्हणजे साधारण ८३८ मिमीचे टायर घातले की डिफरन्शियल, म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे अ‍ॅक्सलवरचे गिअरचे घर, जमिनीपासून ३२ मिमी वर जाते. सस्पेन्शन उंच करणाऱ्या लिफ्ट किटने हे साधत नाही. मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, अखंड असल्याने किटमुळे फक्त गाडीचे अंग उंच होते. दगडाला ठेचकाळणारे मागचे डिफरन्शियल होते तिथेच राहते. लिफ्टची खरी गरज, मोठा टायर वळताना वा उसळताना फेंडरला घासू नये एवढ्यापुरती. पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र, म्हणजे प्रत्येक चाक वेगळे वरखाली होणारे, असल्यामुळे उंचीचा हव्यास धरला, तर पुढची चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो आणि त्यांवरचे रबरी बूट लवकर फाटतात. शिवाय मोठ्या टायरने गिअर लांब होतात, म्हणजे ओढण्याचा जोर घटतो, चढावर क्लच जळतो, ब्रेकवर ताण येतो आणि स्पीडोमीटर मागे पडतो : काटा ६० वर असताना हिशोबाने वेग ६५ असतो.

छपरावरची दिव्यांची रांग फोटोत शोभते. रुतलेली गाडी निघते ती चॅसिसला पक्क्या बसवलेल्या हुकांमुळे. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला, म्हणजे टो बॉलला, पट्टा अडकवून हिसका देणे जिवावर बेतू शकते.

कायद्याची बाजू गॅरेजमध्ये सहसा निघत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल यांनुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. गाडीपुढे लावायच्या लोखंडी कठड्याविरुद्ध, म्हणजे बुलबारविरुद्ध, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते.

देखभालीत सर्वांत घातक पाणी. कंपनी ६५० मिमी खोलीपर्यंत गाडी पाण्यात घालण्याची मुभा देते. इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारा नळ, म्हणजे स्नॉर्केल, लावला म्हणून ही मर्यादा उठत नाही. तो फक्त इंजिनाच्या श्वासापुरता असतो. तापलेले डिफरन्शियल थंड ओढ्यात शिरले की आतली हवा आकसते आणि हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून, म्हणजे ब्रीदरमधून, किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी ओढले जाते. म्हणून ब्रीदरची नळी बॉनेटपर्यंत वर नेतात. हा थारमधला बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित बदल. खोल पाण्यातून आल्यावर दोन्ही डिफरन्शियल आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्स्फर केसचे ऑइल तपासतात. ते दुधाळ दिसले तर सर्व्हिसची तारीख न पाहता बदलतात. तिथून अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांना ग्रीस भरायचे निपल असतील, तर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरतात.

वाळूत टायरची हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवतात आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरतात. कोरड्या डांबरावर फोर बाय फोरचा लिव्हरही टू एचवर, म्हणजे फक्त मागची चाके चालवणाऱ्या स्थितीत, आणावा लागतो, कारण वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावून घेणारे डिफरन्शियल दोन अ‍ॅक्सलांच्या मधोमध नाही. ताण थेट ट्रान्स्फर केसवर येतो. कोकण किनाऱ्यावरून परतल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुतली नाही, तर गंज चॅसिसच्या सांध्यांपासून धरतो.