बी.टेक.सोबत मायनर की लिबरल आर्ट्समध्ये कॉम्प्युटर मेजर? चार वर्षं तीच, पदवी वेगळी

लिबरल आर्ट्सवाल्या, म्हणजे विज्ञान, कला, सामाजिक शास्त्रं एकत्र शिकू देणाऱ्या विद्यापीठाचं माहितीपत्रक हातात आलं की आधी एकच गोष्ट शोधा: अभियांत्रिकी पदवीच्या नावात आहे की फक्त विषयांच्या यादीत? ‘बी.टेक. कॉम्प्युटर, मायनर मानसशास्त्र’ आणि ‘बी.एससी. ऑनर्स, मेजर कॉम्प्युटर सायन्स, मायनर मानसशास्त्र’ हे शेजारी ठेवले तर जुळे वाटतात (मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय). दोन्ही चार वर्षांचे, साधारण १६० क्रेडिटचे. म्हणूनच पुण्यातले अनेक पालक दोन्हींना ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच’ म्हणतात, आणि गफलत इथेच होते.

फरक क्रेडिटच्या वाटणीत आहे. आठवड्याला एक तास लेक्चर असं सेमिस्टरभर चाललं की एक क्रेडिट; प्रॅक्टिकलला त्यासाठी दोन तास. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात १६० क्रेडिट असे वाटलेत: मूलभूत विज्ञान २५, मूलभूत अभियांत्रिकी २४, शाखेचे मुख्य विषय ४८, शाखेतले ऐच्छिक १८, प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप १५. झाले १३०. मानव्यविद्या आणि व्यवस्थापनाला उरतात १२, आणि खुले ऐच्छिक १८. त्यावर मायनर हवं तर आणखी १८ ते २० क्रेडिट, म्हणजे जादा विषय, जादा परीक्षा. दुसरीकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यात चार वर्षांच्या ऑनर्समध्ये मेजरला किमान ८० आणि मायनरला ३२ क्रेडिट आहेत. तिथे मायनर १६० च्या आतच बसतं. तत्त्वज्ञान किंवा अर्थशास्त्र मनापासून शिकायचं असेल तर ती मोकळीक खरी आहे, आणि बी.टेक.मध्ये ती मिळत नाही हे आधीच मान्य करावं.

मग १३० आणि ८० मधले पन्नास क्रेडिट जातात कुठे? त्यात इंजिनिअरिंग ड्रॉइंग, वर्कशॉप, बेसिक इलेक्ट्रिकल, केमिस्ट्री असं बरंच काही असतं. सॉफ्टवेअरच्या नोकरीत यातलं बरंचसं रोज लागत नाही, म्हणून कॉम्प्युटरपुरता दुसरा रस्ता चालतो. मेकॅनिकल, सिव्हिल किंवा रोबोटिक्सचं मन असेल तर तो मुळात रस्ताच नाही.

कारण तिथे विषय साखळीत बांधलेले असतात. दोन टोकांना टेकलेला ४ मीटरचा बीम घ्या, मध्यावर १० किलोन्यूटन भार. दोन्ही टेकूंवर ५-५ किलोन्यूटन प्रतिक्रिया येते. हे पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स. मध्यावरचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा जोर, निघतो १० किलोन्यूटन-मीटर. हे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. त्या मोमेंटला पुरेल एवढी बीमची रुंदी-जाडी (छेद) निवडायची ते डिझाइन, तिसऱ्या वर्षात. प्रतिक्रियाच काढता आली नाही तर पुढचं सगळं अडतं. त्यातून बरेच विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. मायनरच्या मोहात एखादा पुढे ढकलला, किंवा एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला, तर सेमिस्टर नव्हे, वर्ष जातं. समाजशास्त्राचा पेपर मात्र तिसऱ्या सेमिस्टरला घ्या की सहाव्या, फारसं बिघडत नाही.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. प्रॅक्टिकल बॅचनुसार सलग दोन तास चालतं, आणि मायनरचा सेमिनार नेमका त्याच दुपारी पडतो. शिवाय ‘एकच विद्यापीठ’ म्हणजे एकच आवार नव्हे. सिंबायोसिसची टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट लवळ्याला आहे, लिबरल आर्ट्सचं स्कूल विमाननगरला. त्यामुळे कुठेही प्रवेश घेताना माहितीपत्रकावर न थांबता मागच्या सेमिस्टरचं प्रत्यक्ष वेळापत्रक मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर मायनर कागदावरच आहे असं धरून चाला.

कागदपत्रांकडेही बघायला हवं. गेट, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, बी.एससी.वाल्यालाही तिसऱ्या वर्षापासून देता येते, पण गेटच्या गुणांवर सरकारी कंपन्यांमध्ये इंजिनिअर म्हणून लागायचं किंवा यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस द्यायची तर सहसा अभियांत्रिकीची पदवीच मागतात. खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेश सहसा सीईटीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांबाहेर होतात, आणि शासनाची शुल्क सवलत बहुतांशी कॅपशी जोडलेली असते. ती मिळेल असं गृहीत धरून फीचा हिशोब मांडू नका.

अमेरिकेला जायचा विचार असेल तरी हाच घोळ तिथे भेटतो. डार्टमथमध्ये चार वर्षांची ए.बी. (आपल्याकडच्या बी.ए.सारखी पदवी) इंजिनिअरिंग सायन्सेसमध्ये मिळते, पण अभियांत्रिकी पदव्या तपासणाऱ्या अबेट या संस्थेची मान्यता असते ती बी.ई.ला, आणि तिच्यासाठी सहसा आणखी एक वर्ष लागतं.

चुकीचा रस्ता धरला गेला तर? बारावीला गणित असेल तर बी.एससी.नंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मात्र पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स दुसऱ्या वर्षाच्या विषयांसोबत पास व्हावंच लागतं. त्या पन्नास क्रेडिटपैकी हे दोन विषय तेव्हाही सुटत नाहीत.