हजारी 20 ऑर्डरींच्या 28 झाल्या, पण श्रेय कोणाचं?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या आतेभावाचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे आणि थोडा माल तो ऑनलाइनही विकतो. घड्या रचून काढलेला जुना फोटो बदलून त्याने टॉवेलचा कोपरा अगदी जवळून टिपलेला फोटो लावला, सुताचे लूप एकेक मोजता यावेत असा. परवा मोबाइल पुढे करून म्हणाला, "दादा, ऑर्डरी वाढल्यात की! सगळ्या मालाचे फोटो असेच काढून घेऊ?"

हिशेबाला सोपे म्हणून गोल आकडे धरू. आधी हजार भेटींमागे 20 ऑर्डरी, म्हणजे कन्व्हर्जन 2 टक्के. आता हजारात 28. ही वाढ फोटोची की निव्वळ योगायोगाची?

अशा प्रश्नाला गणिताने भिडण्याची सुरुवात 1710 साली झाली. राणी ॲनचे वैद्य जॉन आर्बथनॉट यांनी लंडनच्या बाप्तिस्म्यांच्या 82 वर्षांच्या नोंदी तपासल्या. दरवर्षी मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा जास्त होती. हा नाणेफेकीसारखा योगायोग असेल, तर सलग 82 वेळा छाप पडायला हवा. त्यांनी यात ईश्वराची योजना पाहिली. तो निष्कर्ष बाजूला ठेवला तरी रीत मोलाची होती: आधी 'विशेष काही घडलेलं नाही' असं धरायचं, मग तसं असताना असे आकडे दिसण्याची शक्यता किती ते काढायचं. यालाच आज शून्य गृहीतक म्हणतात.

मोठ्या संख्यांसाठी ही शक्यता गुणाकार करत काढणं जिकिरीचं होतं. 1733 मध्ये फ्रेंच गणिती द म्वाव्र यांनी त्याला घंटेच्या आकाराच्या वक्राची जोड दिली. त्या वाटेने गेलं तर 20 ऑर्डरींच्या आसपास सहज होणारी चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे 4.43 येतं. आपल्या 8 जादा ऑर्डरी त्याच्या 1.81 पट.

हे पुरेसं आहे का? 1925 मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी विसात एक, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता 5 टक्के, ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली. दोन्ही दिशांचा विचार केला तर त्यासाठी 1.96 पट लागतात, म्हणजे आपण कमी पडतो. पण 'वाढल्या का' एवढंच विचारलं तर 1.645 पुरतात, आणि आपण पास! तेच आकडे, दोन निकाल. म्हणून प्रश्न आकडे बघण्याआधी ठरवावा लागतो. नेमन आणि इगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी 1928 ते 1933 च्या दरम्यान हे नीट मांडलं. फोटोत दम नसताना सगळ्या मालाच्या फोटोग्राफीवर पैसे घालणं ही एक चूक, चांगला फोटो उगाच काढून टाकणं ही दुसरी. दोन्हींची किंमत आधी तोलायची. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला या दोघांच्याच हाताखाली शिकले आणि 1936 मध्ये पीएचडी झाले. पुढे आपल्याकडे पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना पाहणीने बांधण्यात त्यांचा मोठा वाटा होता. शाळेत हे नाव आपल्या कानावर पडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाऊ रोज रात्री शटर ओढलं की आकडे बघायचा. यातच खरी गोम आहे. वाढत्या आकड्यांवर दहादा चाचणी घेतली आणि पहिल्यांदा मर्यादा ओलांडली तिथे थांबलो, तर योगायोगाने फसण्याची शक्यता 5 टक्के न राहता 19 टक्क्यांच्या घरात जाते. अधूनमधून बघूनही न फसण्याची पद्धत संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात बसवली. लष्करी कामाची म्हणून ती 1945 पर्यंत जाहीर झाली नाही.

शिवाय जुने 2 टक्के वर्षभराचे आणि नवा फोटो लागला ऐन लग्नसराईत. टॉवेल-टोपीच्या आहेराचे दिवस ते, मागणी एरवीही वाढतेच. यावर उपाय फिशरचाच, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्राच्या शेतांवर रुजलेला: चिठ्ठ्या टाकून वाटणी. निम्म्या ग्राहकांना जुना फोटो, निम्म्यांना नवा, एकाच काळात. पण मग जुन्या बाजूचा आकडाही नमुन्याचाच होतो आणि त्याची चढउतारही हिशेबात येते. अशा वेळी हजारी 20 विरुद्ध 28 हा फरक सहज होणाऱ्या चढउताराच्या 1.17 पटच उरतो.

2 वरून 2.8 टक्क्यांची खरी वाढ असेल तर ती दहातल्या आठ वेळा पकडायला प्रत्येक बाजूला सुमारे 5,750 भेटी लागतात. भावाने कॅलेंडरच्या पानावर 11,500 लिहून त्याभोवती गोल केला आणि तोवर आकडे न उघडण्याचं कबूल केलं.