तयार कानाला एआयचं गाणं पकडता येतं?

‘सुरांची जाण असेल तर एआयचं गाणं लगेच ओळखू येतं’ हे विधान बरेच दिवस फिरतं आहे. ते खरं नाही. डीझर ही गाणी ऐकवणारी ऑनलाइन सेवा आणि इप्सॉस ही सर्वेक्षण करणारी कंपनी यांनी 2025 मध्ये 8 देशांतल्या 9,000 लोकांना तीन-तीन गाणी ऐकवली. 97 टक्क्यांना माणूस कोण, यंत्र कोण हे नीट सांगता आलं नाही. उलट ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावलेला खराखुरा गळाच अनेकदा यंत्राचा वाटतो.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘द वेल्वेट सनडाउन’ या बँडचे स्पॉटिफायवर दोन अल्बम आले. महिन्याचे श्रोते दहा लाखांवर गेले. संशय आला तो गाण्यांमुळे कमी, भोवतालच्या पोकळीमुळे जास्त: ना मैफल, ना मुलाखत, आणि फोटो तर नको इतके गुळगुळीत. (मध्येच एका तोतया प्रवक्त्याने पत्रकारांनाही गंडवलं!) जुलैमध्ये बँडच्या पानावरच एआयच्या मदतीची कबुली आली.

एआयची गाणी ओळखणारी डीझरची यंत्रणा ध्वनीतल्या सूक्ष्म खुणा शोधते. त्या आपल्या कानाला लागत नाहीत. आपण कलाकाराचे जुने कार्यक्रम, सहवादकांची नावं आणि प्रत्यक्ष वाजवतानाचे व्हिडिओ शोधावेत. घरी बसून एकट्याने गाणी करणारा नवखा मात्र यात नाहक संशयित ठरू शकतो.