कारागृह-सेवेतून आलेल्या आमच्या सहकाऱ्यांविषयी: पक्षकार व कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक

कोल्हापुरातील आमच्या वकिली कार्यालयाकडे ज्यांनी वकीलपत्र दिले आहे, अशा पक्षकारांच्या कुटुंबीयांना हे माहितीपत्रक दिले जाते. वकिलाने जाहिरात करून किंवा माणसे पाठवून काम मिळवू नये, असा भारतीय वकील परिषदेचा नियम आहे. त्यामुळे कारागृहाच्या दारात किंवा मुलाखतीच्या रांगेत कोणी आमच्या नावाने कागद वाटत असेल, तर तो आमचा माणूस नाही, असे समजावे.

शिक्षाबंद्यांना काही दिवस घरी जाण्यासाठी मिळणारी संचित रजा, म्हणजे ज्याला सगळे फर्लो म्हणतात ती, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, यांचे अर्ज व त्यांवरील न्यायालयीन कामे हे या कार्यालयाचे मुख्य काम आहे. पहिल्या भेटीला आलेला जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच, कोणी उघडपणे, तर कोणी वकिलांना बाजूला घेऊन: ज्या खात्याने आमच्या माणसाला इतकी वर्षे कोंडून ठेवले, त्याच खात्यातली माणसे तुमच्या टेबलाशी कशी बसली आहेत? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर लेखी मिळणे हा पक्षकाराचा हक्क आहे, असे आम्ही मानतो.

हे सहकारी कोण आहेत

कारागृह आतून पाहिलेले तिघे आमच्याकडे आहेत, त्यांपैकी दोघे खात्यातले. पहिले निवृत्त तुरुंगाधिकारी असून, त्यांची नोकरीतली बरीच वर्षे रजेची प्रकरणे हाताळण्यात गेली आहेत. दुसऱ्या सहकारी कारागृहाच्या महिला विभागातून निवृत्त झालेल्या हवालदार आहेत. तिसरे सहकारी खात्यातले नाहीत. ते स्वतः शिक्षा पूर्ण भोगून बाहेर आलेले आहेत, त्यांच्या गुन्ह्याची व शिक्षेची माहिती ते स्वतःच पहिल्या भेटीत देतात, आणि ज्या कुटुंबाला त्यांच्याशी बोलायचे नसेल त्या कुटुंबाचे काम दुसरा माणूस पाहतो. तिघांपैकी कोणीही वकील नाही. निवृत्त अधिकाऱ्यांना येणारी माणसे सवयीने ‘जेलरसाहेब’ म्हणतात. कार्यालयात त्यांना ‘काका’ म्हणावे, अशी आमची आणि त्यांची स्वतःचीही विनंती आहे, कारण साहेब म्हटले की माणूस उभा राहून बोलू लागतो आणि अर्धी हकीकत पोटातच राहते.

त्यांचा उपयोग नेमका कशासाठी होतो

‘मुंबई फर्लो व पॅरोल नियम, १९५९’ हे १८९४ च्या कारागृह अधिनियमाखाली केलेले नियम आहेत आणि त्यांत वेळोवेळी, विशेषतः २०१६ व २०१८ मध्ये, मोठे बदल झाले आहेत. नियमांचा अर्थ लावणे हे वकिलाचे काम आहे आणि ते वकीलच करतात. परंतु रजेचा अर्ज हा कायद्याच्या पुस्तकापेक्षा कारागृहातल्या कागदांवर अधिक अवलंबून असतो. बंद्याचे हिस्ट्री तिकीट (कारागृहातील त्याच्या नोंदींचा कागद), नॉमिनल रोल (त्याची शिक्षा व भोगलेले दिवस यांचा तक्ता), शिक्षेत मिळालेल्या माफीचे दिवस, पूर्वीच्या रजेवरून परत आल्याची तारीख, कारागृहात झालेली एखादी शिक्षा आणि पोलिसांचा चौकशी अहवाल, या सगळ्या कागदांतून अर्जाचे भवितव्य ठरते. हे कागद ज्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने भरले आहेत, त्याला त्यातली चूक पहिल्या नजरेत दिसते. खटला चालू असताना भोगलेल्या कोठडीची वजावट, जी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे मिळते, ती नॉमिनल रोलमध्ये पूर्ण धरली आहे की नाही, हे काका पेन्सिल घेऊन दिवस मोजून तपासतात. दोन तुरुंगांत मिळून कोठडी झाली असेल, तर पहिल्या तुरुंगातले दिवस राहून गेलेले नाहीत ना, हे ते सर्वांत आधी पाहतात.

एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. ओळख पटेल असा तपशील त्यातून काढला आहे. एक आई मुलाच्या संचित रजेचा नामंजुरीचा आदेश घेऊन आली होती. नियम ६ प्रमाणे रजेवर आलेल्या बंद्याला घरी ठेवून घेणारा आणि त्याच्यासाठी जामीनपत्र लिहून देणारा नातेवाईक लागतो, आणि या प्रकरणात तो नातेवाईक म्हणजे बंद्याचा धाकटा भाऊ होता. आदेशात एकच ओळ होती: ‘जामीनदार दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ घरच्यांचा समज असा झाला होता की गावातल्या कोणीतरी पोलिसांचे कान भरले. काकांनी आईला विचारले, की भाऊ काम कोठे करतो आणि कोणत्या पाळीला जातो. भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळीला होता, पहाटे सुटल्यावर तिथेच मित्राच्या खोलीवर झोपत होता आणि गावी फक्त सुटीच्या दिवशी येत होता. पोलीस हवालदार चौकशीला आले तेव्हा घराला कुलूप होते. कोणी कान भरलेले नव्हते. नव्या अर्जासोबत कारखान्याचे पाळीचे पत्र, शिधापत्रिका, वीजबिल आणि रजेच्या काळात भाऊ गावी राहणार असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले, तसेच पर्यायी जामीनदार म्हणून कायम गावात राहणाऱ्या चुलत्यांचे नाव दिले. या प्रकरणात उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही, हे समाधान आम्हाला अजून आहे.

जिथे ती चढावी लागते, तिथे नामंजुरीच्या आदेशाला संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली फौजदारी रिट याचिकेने आव्हान दिले जाते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील पक्षकारांना त्यासाठी मुंबईचा खर्च करावा लागत नाही. याचिका लिहिणे व चालवणे यात आमच्या या सहकाऱ्यांचा भाग कागद जुळवून देण्यापुरताच असतो. गोव्याच्या कारागृहातील बंद्याला तिथले स्वतंत्र नियम लागू होतात, त्यामुळे अशा कामात काकांचा अनुभव जसाच्या तसा वापरता येत नाही, हे आम्ही आधीच सांगतो.

महिला बंद्यांच्या कामात हवालदार बाईंचा आधार वेगळ्या प्रकारचा आहे. आत असलेल्या बाईसाठी अर्ज करायला अनेकदा नवऱ्याकडचे कोणी येत नाही, माहेरचे लाजतात, आणि तिला ठेवून घेणारा नातेवाईक शोधणे हेच सर्वांत अवघड काम होऊन बसते. एखाद्या आईला किंवा बहिणीला तयार करण्यासाठी बाई घरी जाऊन स्वयंपाकघरात बसून बोलतात, आणि जामीनपत्रावर सही करणे म्हणजे कोणती जबाबदारी घेणे, हेही त्या घाई न करता समजावून देतात. सही करणाऱ्याला भीती वाटली, तर त्याने सही करू नये, असे त्या सांगतात. आम्हाला ते योग्य वाटते.

ते काय करीत नाहीत

हा भाग कृपया दोनदा वाचावा. आमच्या सहकाऱ्यांची जुनी ओळख हा आमच्या कामाचा भाग नाही. ते पूर्वीच्या सहकाऱ्यांना प्रकरणासंबंधी फोन करीत नाहीत, मुलाखतीसाठी गेल्यास नातेवाइकांच्याच रांगेत उभे राहतात, आणि ज्या बंद्यावर त्यांनी नोकरीत असताना स्वतः कारवाई केली किंवा अहवाल लिहिला, त्याच्या प्रकरणाला ते हात लावत नाहीत. प्रत्येक नव्या प्रकरणात बंद्याचे नाव व तो कोठे कोठे राहिला हे पाहून तसे लेखी नोंदवले जाते.

इतक्या स्पष्टपणे लिहिण्याचे कारण आमच्या स्वतःच्या चुकीत आहे. सुरुवातीच्या काळात आमच्या कार्यालयातूनच एका कुटुंबाला, ‘आमच्याकडे खात्यातला माणूस आहे, काळजी करू नका,’ असे सांगितले गेले. बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा होता, पण त्या कुटुंबाने त्याचा अर्थ वशिला असा घेतला, उसनवारी करून पैशांची जुळवाजुळव केली आणि ते पाकीट घेऊन आमच्या दारात आले. पाकीट परत केले, परंतु त्या म्हाताऱ्या वडिलांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ आम्हाला विसरता आलेला नाही. त्या दिवसापासून ते वाक्य या कार्यालयात कोणीही उच्चारत नाही. पैसे देऊन सही मिळते, असे कोणी बाहेर सांगत असेल, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

वकिलाने वकील नसलेल्या व्यक्तीबरोबर आपल्या फीची वाटणी करू नये, असाही वकील परिषदेचा नियम आहे. म्हणून या तिघांना ठरलेला मासिक पगार मिळतो. काम झाले तर जास्त आणि नाही झाले तर कमी, असे काही नाही. कायदेशीर सल्ला, म्हणजे अर्ज कोणत्या नियमाखाली करावा, याचिका करावी की नव्याने अर्ज करावा, हे वकीलच सांगतील. नावनोंदणी नसलेल्या व्यक्तीने न्यायालयात वकिली करणे हा अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४५ खाली शिक्षापात्र अपराध आहे.

तुमचे बोलणे कोणापर्यंत जाते

खाकीतल्या माणसाजवळ बोललेली गोष्ट आत पोहोचेल, ही भीती सर्वांत खोल असते आणि ती आम्ही हलकी मानत नाही. पक्षकाराने वकिलाजवळ कामानिमित्त सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे हेच बंधन वकिलाच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही आहे. काका पूर्वी कोण होते याने त्यात फरक पडत नाही. आज ते वकिलाचे कर्मचारी आहेत. मात्र बेकायदा हेतू साधण्यासाठी झालेल्या बोलण्याला हे संरक्षण नाही. खोटा वैद्यकीय दाखला मिळेल का, असे आमच्या टेबलाशी कृपया विचारू नये.

रजा मिळाल्यानंतर

बहुतेक कुटुंबे आदेश हातात आला की आमच्याशी बोलणे थांबवतात, आणि आमच्या अनुभवात खरे नुकसान त्यापुढेच होते. संचित रजेचा काळ शिक्षेत धरला जातो, अभिवचन रजेचा धरला जात नाही, हा फरक अनेकांना उशिरा कळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळेवर परत जाणे. रजेवरून ठरल्या वेळी हजर न झालेल्या बंद्याला पुढील संचित रजा नाकारण्याचे कारण नियम ४ मध्येच दिलेले आहे, शिवाय गुन्हाही दाखल होऊ शकतो. ८ मे २०२० रोजी करोना साथीसाठी आपत्कालीन अभिवचन रजेची तरतूद झाली, तेव्हा सात वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्यांच्या बाबतीत, आधीच्या दोन रजांवरून वेळेत परत आल्याची अट घातली गेली. ज्यांनी पूर्वी कधीतरी दोन दिवस जास्त काढले होते, त्यांना त्याची किंमत साथीच्या दिवसांत मोजावी लागली.

हे काम आमचे तिसरे सहकारी पाहतात, कारण पोलीस ठाण्यात रोज सही करून येण्याचे दिवस त्यांनी स्वतः काढले आहेत. रजेच्या पहिल्या संध्याकाळी ते घरी फोन करतात आणि आदेशातील हजर होण्याची तारीख घरच्यांकडून मोठ्याने वाचून घेतात, मग ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करायला सांगतात. परतीच्या दिवशी शेवटच्या एस.टी.वर अवलंबून राहू नये, दुपारपर्यंत कारागृहाच्या दारात असावे, असा त्यांचा आग्रह असतो. बंदी खरोखर आजारी पडला, तर सरकारी रुग्णालयात दाखवून, कागद घेऊन, मुदत संपण्यापूर्वी कारागृहाला व आम्हाला लेखी कळवावे. मुदत संपल्यावर आणलेल्या दाखल्यावर फारसा विश्वास ठेवला जात नाही. अशा फोनला त्यांनी रात्री अकरा वाजताही उत्तर दिलेले आहे.

फीविषयी एकच गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. आमची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा अर्ज आमच्याकडेच विनामूल्य लिहून मिळेल, आणि काका तुमचे कागद तपासून त्या अर्जासोबत लावून देतील.

पहिल्या भेटीला येताना शिक्षेच्या निकालाची प्रत, पूर्वीच्या रजांचे आदेश, नामंजुरीचा आदेश असल्यास तो, आणि जामीनदार होणाऱ्या व्यक्तीचा राहण्याचा पुरावा आणावा. शक्य असल्यास त्या व्यक्तीलाच सोबत आणावे. आमच्यापैकी कोणीही पावतीशिवाय पैसे मागितले, किंवा आत ओळख असल्याचे सूचित केले, तर त्याच दिवशी वकिलांना प्रत्यक्ष भेटून सांगावे.