लातूर ते लिव्हरपूल: एक बादरायण संबंध

‘लातूरच्या पोराला लिव्हरपूलचं काय पडलंय?’ हा प्रश्न आमच्या मराठवाड्यात दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे पोराच्या अंगात लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबची लाल जर्सी पाहून वैतागलेले वडीलधारे, आणि दुसरे म्हणजे ‘खरा फॅन कोण’ याचे दाखले वाटत फिरणारे इतर फॅन. भांडण कितीही असो, समज दोघांचा एकच: क्लबवर जीव टाकायचा तर त्या गावात जन्मायला हवं, बाकी सगळं सोंग. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाआधी केरळात कोळिकोडजवळच्या पुल्लावूरला नदीत मेस्सी आणि नेमारचे उंचच उंच कटआउट उभे राहिले, तेव्हाही ‘यांचा अर्जेंटिनाशी आणि ब्राझीलशी काय संबंध’ असं म्हणणारे होतेच.

जवळपणानं निष्ठा ठरत असती, तर आमच्याकडं घरोघरी एकाच संघाचं नाव असतं. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबाद शहराच्या पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप ही मुंबईची फुटबॉल स्पर्धा जिंकली. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. आज परभणीत किंवा बीडमध्ये किती जणांना हे माहीत आहे? कारण उघड आहे: तो संघ कुणाला दिसलाच नाही.

दिसणं ही पहिली पायरी. रॉबर्ट झायन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं की अर्थ न कळणारी चिनीसारखी अक्षरंसुद्धा वारंवार डोळ्यांखालून गेली की माणसाला बरी वाटू लागतात. केबल आली, युरोपातले सामने घरात आले, आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा तेच पाच-सहा बडे क्लब दिसत राहिले. म्हणून आपल्याकडं मँचेस्टर युनायटेडचे, बार्सिलोनाचे, आर्सेनलचे चाहते ढिगानं भेटतात; बर्नलीचा चाहता शोधायला मात्र तालुके पालथे घालावे लागतील.

दुसरी गोष्ट वयाची. सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या संशोधकानं अमेरिकेतल्या पुरुष बेसबॉल चाहत्यांची फेसबुकवरची आवड तपासली. न्यूयॉर्क मेट्स हा संघ १९६९ आणि १९८६ मध्ये अजिंक्यपद जिंकला होता, आणि त्याचे चाहते १९६२ आणि १९७८ साली जन्मलेल्यांत उठून दिसत होते. म्हणजे मुलगा सात-आठ वर्षांचा असताना जो संघ जिंकतो, तो पुढं बराच काळ चिकटतो. बेसबॉलचं फुटबॉलला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. तरी चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेच्या, २५ मे २००५ च्या इस्तंबूलच्या अंतिम सामन्याचा विचार करा. मध्यंतराला लिव्हरपूल एसी मिलानकडून ०–३ नं मागं, मग सहा मिनिटांत तीन गोल, आणि शेवटी पेनल्टीवर विजय. आपल्याकडं तेव्हा २६ तारीख उजाडून तास-दोन तास झाले होते. त्या रात्री मोठ्या भावाच्या शेजारी जागा राहिलेला आठ वर्षांचा पोरगा आज नोकरीला लागलेला असेल. त्याच्या जर्सीचा रंग विचारायची गरज नाही.

पण ओळख वेगळी आणि ‘आपला संघ’ वेगळा. ओळखीचं रूपांतर बाजू घेण्यात कसं होतं, हा माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि तिथं एक जुना, अत्यंत चतुर प्रयोग भेटतो. तो थोडा सावकाश सांगतो.

हेन्री तायफेल हा पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढला, जर्मनांच्या कैदेत पडला, सुटून परतला तेव्हा घरचं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. ‘आपले’ आणि ‘ते’ हा भेद कुठून सुरू होतो, हा त्याच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. पुढं मानसशास्त्रज्ञ म्हणून इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला असताना त्यानं ठरवलं की आधी असे गट बनवायचे ज्यांना काही अर्थच नाही. त्यांच्यात भेदभाव दिसणार नाही, ती आपली शून्यरेषा. मग त्यात एकेक घटक घालत जायचं: ओळख, स्पर्धा, जुनं वैर. कुठल्या घटकाला भेदभाव उगवतो ते कळेल.

१९७१ मध्ये छापून आलेल्या या प्रयोगांत चौदा-पंधरा वर्षांची शाळकरी मुलं होती. त्यांना पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके दाखवले आणि किती ठिपके होते याचा अंदाज घेतला. दुसऱ्या प्रयोगात पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवून कुठली आवडली ते विचारलं. मग ‘तू क्लेवाला’, ‘तू कँडिन्स्कीवाला’ असं प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. वाटणी खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात आणखी कोण आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता प्रत्येक मुलानं एकट्यानं बसून दोन अनोळखी मुलांना गुण वाटायचे. समजा एक आपल्या गटातला, दुसरा त्या गटातला. नावं नाहीत, फक्त क्रमांक. गुणांचे नंतर थोडे पैसे मिळणार, पण वाटणारा स्वतःला काहीच देऊ शकत नाही. एका तक्त्यात तेरा पर्याय होते. एका टोकाला आपल्याला ७, त्यांना १. त्यापुढं आपला आकडा एकेकानं वाढतो आणि त्यांचा दोन-दोननं: ८ आणि ३, ९ आणि ५. मधोमध १३ आणि १३. दुसऱ्या टोकाला आपल्याला १९, त्यांना २५.

इथं जरा थांबा, कारण सगळी गंमत या तक्त्यात आहे. आपल्या गटाचं भलं करायचं असेल तर हिशोब सोपा आहे: १९ घ्या. त्यात आपल्यालाही जास्तीत जास्त आणि एकूण बेरीजही सगळ्यात मोठी. ते पैसे प्रयोग करणाऱ्याच्या खिशातून जाणार, मुलांचं काय जातंय? न्याय करायचा असेल तर १३–१३. पण ७–१ कडं सरकण्याचं कारण एकच उरतं, ते म्हणजे फरक. स्वतःच्या माणसाचं नुकसान सोसून पुढं असण्याचा फरक. आणि मुलांच्या निवडी त्याच दिशेला ओढल्या गेल्या. सगळे टोकाला गेले नाहीत. न्यायाची चाड होती, म्हणून पुष्कळ निवडी मध्याजवळच राहिल्या. पण आपलं पारडं किंचित तरी वर राहील अशा बेतानं. सोयाबीन आपलं एकरी सात क्विंटल आणि बांधापलीकडं एक, हे गोड. आपलं एकोणीस झालं पण त्याचं पंचवीस, म्हणजे हंगाम वाया.

तायफेलची शून्यरेषा शून्यावर राहिलीच नाही. नंतर १९७३ मध्ये मायकेल बिलिग आणि तायफेल यांनी मुलांना तोंडावर सांगून टाकलं की तुमचे गट नाणेफेकीनं पाडलेत. तरीही झुकाव उरलाच. ब्रिस्टलच्या पोरांना क्ले कोण हे धड माहीत नसताना ते क्लेवाले होऊ शकतात, तर लातूरच्या पोरानं लिव्हरपूलवाला होण्यात नवल ते काय? गोलांची, गाण्यांची, चषकांची सगळी सामग्री तर त्याला वरकड मिळालेली आहे. (आपल्याकडं गट पाडायला चित्रकारही लागत नाहीत, आडनाव पुरतं. तो विषय वेगळा, पण यंत्रणा तीच.)

मात्र या प्रयोगावरून ‘माणसाच्या रक्तातच द्वेष आहे’ असं जे ठोकून दिलं जातं, ते खरं नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ अमेली मुमेंडाय आणि सहकाऱ्यांनी गुणांऐवजी कानाला त्रास देणारा आवाज वाटायला दिला, तेव्हा हा झुकाव बराचसा नाहीसा झाला. आपल्याला झुकतं माप देणं सोपं असतं. दुसऱ्याला मुद्दाम दुखवायला आणखी काहीतरी लागतं.

हरल्यावर काय होतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सात अमेरिकी विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे सोमवारचे कपडे मोजले. शनिवारी विद्यापीठाचा संघ जिंकला असेल तर विद्यापीठाचं नाव मिरवणारे टी-शर्ट जास्त, आणि बोलण्यात ‘आपण जिंकलो’. हरले तर ‘ते हरले’. यावरून वाटेल की दूरचा चाहता पहिल्या पराभवाला पसार होईल. काही होतातही. पण मँचेस्टर युनायटेडला २०१३ नंतर वर्षानुवर्षं इंग्लंडची लीग जिंकता आली नाही, तरी नांदेडात आणि जालन्यात त्यांचे चाहते टिकून आहेत.

याचं एक उत्तर घड्याळात आहे. युरोपातली घड्याळं ऋतूनुसार तासभर सरकतात, आपलं जागचं हलत नाही. त्यामुळं चॅम्पियन्स लीगचे मुख्य सामने आपल्याकडं कधी साडेबाराला, तर हिवाळ्यात दीडला सुरू होतात. भारनियमनाच्या काळात तर दिवे जातील की राहतील हीच वेगळी मॅच. अॅरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवलं होतं की गटात शिरायला जितका त्रास पडतो, तितका तो गट पुढं मोलाचा वाटतो, मग तिथली चर्चा रटाळ का असेना. झोपमोड ही दूरच्या चाहत्याची प्रवेश फी. ‘एवढं जागलो ते उगाच का?’ या प्रश्नाला मन स्वतःच उत्तर तयार करतं.

इथंच अंधश्रद्धाही शिरते: ठरलेली खुर्ची, न धुतलेली जर्सी, राशीनुसार विजेता सांगणारे महाराज. २०१० मध्ये जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसनं विश्वचषकातल्या ज्या आठ सामन्यांबद्दल त्याला विचारलं, त्या आठहींचे निकाल बरोबर ‘सांगितले’. नुसत्या नाणेफेकीनं हे घडायची शक्यता २५६ मध्ये एक. ऐकायला थोर वाटतं, पण जगभर अशी शेकडो जनावरं आणि ज्योतिषी कामाला लावले, तर एखादा पॉल निघणारच. चुकलेल्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही.

बाजू एकदा घेतली की पुसता येत नाही, असं मात्र नाही. मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांचा २००५ चा प्रयोग मला तायफेलइतकाच आवडतो. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी क्लबबद्दल प्रश्न विचारले. मग ते दुसऱ्या इमारतीकडं चालत जाताना एक धावणारा त्यांच्यासमोर पाय घसरून पडायचा आणि घोटा धरून कण्हायचा. अंगात युनायटेडची जर्सी असली की मदत धावून यायची. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलची जर्सी किंवा साधा टी-शर्ट असला की पुष्कळ जण पुढं निघून जायचे. दुसऱ्या फेरीत क्लबऐवजी ‘फुटबॉलचा चाहता असणं’ या विषयावर प्रश्न विचारले. तेवढ्यानं लिव्हरपूलवाल्यालाही युनायटेडवाल्याइतकीच मदत मिळू लागली. साध्या टी-शर्टवाल्याला मात्र याही वेळी फारसं कुणी विचारलं नाही.