हुणसूर कृष्णमूर्ती

हुणसूर कृष्णमूर्ती : (१९१४–१९८९). कन्नड चित्रपट दिग्दर्शक, गीतकार, पटकथा-संवादलेखक, नाटककार व अभिनेते. नावातील हुणसूर हे म्हैसूर जिल्ह्यातील, म्हैसूरहून कोडगूकडे जाणाऱ्या वाटेवरील गाव. दक्षिणेत गावाचे नाव व्यक्तिनावाआधी लावण्याचा प्रघात असल्यामुळे ‘हुणसूर’ला आडनाव समजू नये. कन्नड व्यावसायिक रंगभूमीवर उमेदवारी करून ते चित्रपटाकडे वळले. त्या पिढीतील बहुतेक कलावंतांचा मार्ग तोच होता, परंतु रंगभूमीवरचे शब्द पडद्यावर नेताना त्यांचा ठसका कायम राखणारे लेखक मात्र थोडे झाले आणि कृष्णमूर्ती त्यांपैकी एक होत. दिग्दर्शक या नात्याने त्यांचे नाव मुख्यतः पौराणिक व भक्तिपर चित्रपटांशी जोडले जाते.

‘रत्नमंजरी’ (१९६२) आणि ‘वीरसंकल्प’ (१९६४) हे त्यांचे दिग्दर्शक म्हणून आरंभीच्या काळातील उल्लेखनीय चित्रपट. पहिल्याचे संगीत राजन-नागेंद्र या जोडीचे होते. दुसऱ्यातून पुढे विनोदी नट व निर्माते म्हणून नावारूपास आलेले द्वारकीश पडद्यावर आले. कृष्णमूर्ती हे त्यांचे मामा.

कृष्णमूर्तींची कीर्ती प्रामुख्याने ‘सत्य हरिश्चंद्र’ (१९६५) या चित्रपटावर उभी आहे. यात कन्नड नट राजकुमार यांनी हरिश्चंद्राची, पंढरीबाई यांनी चंद्रमतीची, उदयकुमार यांनी विश्वामित्राची आणि नरसिंहराजू यांनी विश्वामित्राचा शिष्य नक्षत्रिक याची भूमिका केली, तर संगीत पेंड्याल नागेश्वरराव यांचे होते. याच कथेवर तेलुगू चित्रपटही त्याच सुमारास तयार झाला. त्याचे दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी होते व त्यात नायकाचे काम एन. टी. रामाराव यांनी केले. कन्नड आवृत्तीला त्या वर्षीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कन्नडमधील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

या चित्रपटाच्या कथाधाराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. कारण मराठी वाचकाला परिचित असलेली हरिश्चंद्रकथा आणि ही कथा सर्वांशाने एक नाही. मराठीत राणी तारामती व पुत्र रोहिदास. कन्नडमध्ये त्यांची नावे चंद्रमती व लोहिताश्व अशी आहेत. मार्कंडेय पुराणात हरिश्चंद्राला विकत घेणारा चांडाळ हा वस्तुतः रूप पालटून आलेला धर्म होय, आणि मराठीत ‘डोंबाघरी पाणी भरणारा राजा’ ही प्रतिमा रूढ आहे. कन्नड परंपरेत मात्र स्मशानाचा धनी वीरबाहू हे ठसठशीत पात्र आहे. चित्रपटाचा आधार असलेले ‘हरिश्चंद्र काव्य’ हे राघवांकाचे. या कवीचा काळ बाराव्या शतकाचा उत्तरार्ध ते तेराव्या शतकाचा पूर्वार्ध या टप्प्यात ठेवला जातो. तो हरिहर कवीचा भाचा असल्याची परंपरा जमेस धरता तेराव्या शतकाचा आरंभ अधिक संभवनीय वाटतो. वार्धक षट्पदी या सहा चरणी कन्नड छंदात रचलेल्या या काव्यात राजाच्या संकटाचा एक धागा कुलाच्या प्रश्नाशी बांधलेला आहे. हीन मानल्या गेलेल्या कुळातील दोन गायिका राजाला लग्नाची मागणी घालतात, तो कुलाचे कारण सांगून त्यांना नाकारतो, विश्वामित्र त्यांची बाजू घेतो आणि राज्य हातचे जाते. ज्याने कुल पाहून नकार दिला त्यालाच पुढे वीरबाहूची चाकरी पत्करावी लागते, हा या रचनेतील पेच होय.

कृष्णमूर्तींनी लिहिलेले ‘कुलदल्लि कीळ्यावुदो’ हे गीत या पेचातूनच समजून घ्यावे लागते. कुलांत नीच कोणते आणि मतांत (धर्मपंथांत) श्रेष्ठ कोणते, असा सवाल करणारे हे गीत स्मशानातील वीरबाहूच्या तोंडी आहे, पडद्यावर एम. पी. शंकर आणि आवाज घंटसाला यांचा. ते पुष्कळदा सुटे, समतेचे गाणे म्हणून ऐकले जाते व त्यात गैर काही नाही. तथापि कथेच्या संदर्भात त्याला उपरोधाची धार आहे, कारण ऐकणारा राजा पूर्वी याच प्रश्नावर अडला होता. बोलीतील ‘हुच्चप्पा’ (वेड्या) हे संबोधन आणि तालावर आपटणारे छोटे चरण ही रंगभूमीवरील पदांची लकब होय. पौराणिक चित्रपटातील संस्कृतप्रचुर भाषेत असा गावरान सूर मिसळणे हे त्यांच्या लेखनाचे, दिग्दर्शनाहूनही अधिक टिकाऊ ठरलेले वैशिष्ट्य म्हणता येईल.

‘देवर गेद्द मानव’ (१९६७) आणि ‘जग मेच्चिद मग’ (१९७२) हे राजकुमार यांना घेऊन केलेले चित्रपट या मधल्या काळातील होत. त्यानंतरचा ‘भक्त कुंबार’ (१९७४) हा गोरा कुंभाराच्या चरित्रावर आहे. राजकुमार, लीलावती व मंजुळा यांच्या त्यात भूमिका असून संगीत जी. के. व्यंकटेश यांचे आहे. तेर (जि. धाराशिव) येथील या संताचा काळ परंपरेनुसार तेराव्या-चौदाव्या शतकाचा. चिखल तुडवताना पायाखाली आलेले मूल, पत्नीने घातलेली शपथ, तोडून टाकलेले हात आणि पंढरपुरी ते परत फुटणे हे प्रसंग महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळे (१७६२) महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. चित्रपटाने हे प्रसंग थेट मराठी चरित्रपरंपरेतून घेतले, की दक्षिणेत आधीच रुळलेल्या रूपांतून, हे ठरवणे सोपे नाही. तमिळमध्ये याच कथेवर ‘चक्रधारी’ १९४८ साली येऊन गेला होता, हे ध्यानात घेता दुसरी शक्यता अधिक ग्राह्य दिसते. विठ्ठल मात्र कन्नड प्रेक्षकाला परका नव्हता. कन्नड संतकवी पुरंदरदास यांची नाममुद्राच ‘पुरंदर विठल’ अशी आहे, आणि ज्ञानदेवांच्या नावावरील ‘कानडा हो विठ्ठलु’ हा अभंग तर मराठी वाचकाला सांगावयास नको. ‘भक्त कुंबार’वरून १९७७ मध्ये अक्किनेनी नागेश्वरराव यांना घेऊन तेलुगूत ‘चक्रधारी’ याच नावाचा चित्रपट झाला.

‘बब्रुवाहन’ (१९७७) मध्ये राजकुमार यांनी अर्जुन व बब्रुवाहन या पितापुत्रांच्या दुहेरी भूमिका केल्या. संगीत टी. जी. लिंगप्पा यांचे. रणभूमीवर बाप-लेक एकमेकांना पदांतून डिवचतात ते ‘यारु तिळियरु निन्न’ हे कृष्णमूर्तींचे गीत पी. बी. श्रीनिवास व राजकुमार यांनी गायिले. दोन्ही पात्रे एकाच नटाची असताना आवाज दोन वापरल्यामुळे सवाल-जबाबाचा भेद कानाला लगेच कळतो. या गीताची घडण नाटकातील युद्धपदांची आहे. चित्रपट पाहताना प्रेक्षक संवादफेकीकडे जितके लक्ष देई तितकेच या पदाकडेही देई, असे त्याच्या लोकप्रियतेवरून दिसते.

‘भक्त सिरियाळ’ (१९८०) मध्ये लोकेश व आरती यांच्या मुख्य भूमिका होत्या. सिरियाळ म्हणजे मराठीतील श्रियाळ. अतिथीसाठी पोटच्या पोराचा बळी देण्याची ही कथा तमिळ ‘पेरियपुराणम्’मध्ये सिरुत्तोंडर या शिवभक्ताच्या नावाने येते, तर मराठीत श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तून (१७१८) श्रियाळ, चांगुणा व चिलया या नावांनी ती रुजली आहे. ‘भक्त ज्ञानदेव’ (१९८२) हा त्यांचा उत्तरकाळातील चित्रपट, ज्ञानेश्वरांच्या चरित्रावरील.

‘सत्य हरिश्चंद्र’ची मूळ कृष्णधवल प्रत संगणकाच्या साहाय्याने रंगीत करून २००८ मध्ये पुन्हा प्रदर्शित करण्यात आली. दक्षिण भारतातील चित्रपटांत असा प्रयोग प्रथमच झाल्याचे सांगितले जाते.