सगळी सिनेगॉग ससूनांनी बांधली?

'महाराष्ट्रातली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, ही बगदादहून आलेल्या ससून या ज्यू व्यापारी घराण्याची देणगी', हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते अर्धंच खरं आहे. भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि पुण्याचं लाल देऊळ डेव्हिड ससून यांच्या पैशातून उभं राहिलं, यात वाद नाही. पण ससून मुंबईत आले १८३२ मध्ये. त्याआधी ३६ वर्षं, १७९६ मध्ये, मांडवीला मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधून झालं होतं.

ते बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी. म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे) अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि कृतज्ञतेपोटी हे प्रार्थनामंदिर उभारलं. मराठी बोलणारे ज्यू त्याला 'मशीद'च म्हणत, पुढे 'जुनी मशीद'. मस्जिद स्टेशनाचं नावही त्यावरूनच आलं, असं सांगतात.

आणि इमारत बांधून काम संपत नाही. दिवाबत्ती, डागडुजी, सणाचा खर्च पिढ्यानपिढ्या समाजानेच उचलला. मुकादम कारभार बघायचा, गब्बाय, म्हणजे खजिनदार, हिशेब ठेवायचा. मलिदा या आभारविधीच्या ताटातले गोड पोहे, खोबरं, खजूर, फळं घरच्याच माणसांच्या हातची. शिवाय पारंपरिक रीतीने सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. इस्रायलला गेलेल्या घरांमुळे आज कोकणात ते दहा जमवणं कठीण झालंय, आणि तिथे शनिवारी, ज्यूंच्या प्रार्थनेच्या दिवशी, वेळेवर येऊन बसणारा माणूस मला कुठल्याही देणगीदाराइतकाच मोठा वाटतो.